टाकी आधी, मासे सर्वात शेवटी: मुंबईच्या घरात पहिला फिश टँक लावण्याचा क्रम

रविवारी सकाळी टाकी, फिल्टर, निळे-गुलाबी खडे आणि बारा मासे एकाच टॅक्सीतून घरी येतात. संध्याकाळी दिवा लागतो, शेजारची मुलं काचेला नाक लावून उभी राहतात. बुधवारी मासे वर येऊन तोंडं उघडमिट करायला लागतात. पुढच्या रविवारी टाकी धुऊन माळ्यावर जाते आणि घरात वाक्य ठरून जातं, ‘आपल्याला मासे लाभत नाहीत.’

लाभण्या-न लाभण्याचा इथे काही संबंध नाही. क्रम चुकलेला असतो. मासे हा या कामातला शेवटचा टप्पा आहे आणि त्याआधी साधारण पाच आठवडे जातात. ते कसे घालवायचे ते खाली देतो. सगळी मापं दोन फुटी टाकीची आहेत: ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच. काठोकाठ ५४ लिटर, प्रत्यक्षात ४५ धरा. यापेक्षा लहान टाकी सोपी वाटते, पण पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. पहिली टाकी म्हणून काचेचा वाडगा तर नकोच.

टप्पा १: जागा आणि वजन

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाणी, काच आणि खडे मिळून ही टाकी सत्तर किलोच्या आसपास जाते, म्हणजे एक मोठा माणूस चोवीस तास एकाच जागी उभा. टीव्हीच्या प्लायवूड युनिटवर, खिडकीच्या ग्रिलमध्ये किंवा फोल्डिंग टेबलावर ती ठेवू नका. लोखंडी स्टँड घ्या, तो भिंतीलगत लावा आणि टाकीखाली अर्ध्या इंचाचा थर्माकोल घाला. स्टँड किंचित वाकडा असेल तर तो ताण थर्माकोल घेतो, नाहीतर काच घेते आणि एके रात्री खालच्या मजल्यावरचे काका दार वाजवतात.

थेट ऊन येणारी खिडकी टाळा. दोन तासांच्या उन्हाने पंधरा दिवसांत पाणी पालकाच्या सुपासारखं होतं. देवघराजवळही नको, अगरबत्तीचा धूर एअर पंप ओढून थेट पाण्यात सोडतो.

तपासा: प्लगचं सॉकेट टाकीच्या वरच्या बाजूला आहे ना? नसेल तर वायरला सॉकेटखाली एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. टाकीत हात घालण्याआधी सगळी बटणं बंद करायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या.

टप्पा २: नळाचं पाणी समजून घ्या

मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचं पाणी येतं. ते मृदू असतं, म्हणजे त्यात क्षार कमी. बोअरवेलच्या पाण्यावर मासे पाळणाऱ्यांपेक्षा आपण बऱ्याच बाबतीत सुदैवी. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायच्या.

पहिली गोष्ट क्लोरीन. आपल्यासाठी तो जंतू मारतो. टाकीत तो माशांचे कल्ले जाळतो आणि माशांच्या घाणीतलं विष पचवणारे, आपल्याला हवे असलेले जीवाणूही मारतो (त्यांच्याबद्दल चौथ्या टप्प्यात). पाणी बादलीत भरून त्यात एअर पंपाची नळी सोडा आणि चोवीस तास तसंच राहू द्या. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. मसुराच्या डाळीएवढे दोन-तीन खडे पंधरा लिटरच्या बादलीला पुरतात. दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ नावाने मिळणाऱ्या बाटल्यांमध्ये बहुतेक हेच असतं.

सोसायटीची टाकी साफ होते त्या आठवड्यात सर्वात जास्त मासे मरतात, हे मी तीन इमारतींत पाहिलं आहे. टाकी धुताना ब्लीचिंग पावडर वापरतात आणि पहिलं पाणी नाकाला झोंबतं. लिफ्टशेजारी ‘पाण्याची टाकी साफ करण्यात येणार आहे’ अशी नोटीस लागली की त्याच दिवशी दोन बादल्या भरून ठेवा आणि पुढचे तीन-चार दिवस नळाचं पाणी टाकीत घालू नका. पावसाळ्याच्या सुरुवातीला नळ गढूळ येतो, तेव्हाही हाच नियम.

दुसरी गोष्ट मृदूपणाचीच. क्षार कमी असल्याने पाण्याला आम्लाचा धक्का पेलत नाही. काही महिन्यांनी पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, हळूच घसरतो आणि जीवाणूंचं काम थंडावतं. त्यावर उपाय स्वस्त आहे: मूठभर शिंपले किंवा पोवळ्याचा चुरा पातळ कापडात बांधून फिल्टरजवळ ठेवा. समुद्रावरून आणलेले शिंपले आधी उकळून घ्या. पीएच वाढवायच्या आणि उतरवायच्या बाटल्या मात्र विकत घेऊ नका. माशांना एकच एक पाणी सोसतं, रोज बदलणारं नाही.

टप्पा ३: मांडणी

खडे तीन ते पाच मिलिमीटरचे, नैसर्गिक रंगाचे घ्या. रंगवलेल्या खड्यांचा रंग सुटतो. ते बादलीत तांदळासारखे धुवा, वरचं पाणी नितळ येईपर्यंत. साबण नाही, कधीही नाही, टाकीच्या आतल्या काचेलाही नाही. बांधकामाची रेती वापरणार असाल तर ती खाडीची, खारट नाही याची खात्री करा. दोन इंचांचा थर पुरतो.

फिल्टर म्हणून या मापाला साधा स्पंज फिल्टर आणि एअर पंप उत्तम. दिसायला गरीब, पण स्पंजच्या भोकाभोकांत जीवाणू राहतात आणि आपल्याला तेच हवे आहेत. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं.

हीटर मुंबईत बहुतेकांना लागत नाही. दुकानदार देईल, घेऊ नका. त्याऐवजी साधा काचेचा थर्मामीटर घ्या. आपल्याकडचा खरा प्रश्न मे महिन्याचा आहे, त्यावर पुढे लिहितो.

वनस्पती या टप्प्यातच लावायच्या, मासे आल्यावर नाही. नवख्याने व्हॅलिसनेरिया, जावा फर्न, जावा मॉस आणि सेराटोफायलम यांच्या पलीकडे जाऊ नये. व्हॅलिसनेरियाची मुळं खड्यात खोवा, पण पांढरा बुडखा वर राहू द्या. जावा फर्नचं आडवं खोड अजिबात पुरू नका, कुजतं. दोऱ्याने लाकडाला किंवा दगडाला बांधा. सेराटोफायलम तरंगत ठेवलं तरी चालतं. मनीप्लांटची फांदी टाकीच्या काठाला अडकवून फक्त मुळं पाण्यात सोडली तर ती नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून शेवटी उरणारा क्षार, भराभर ओढते, आणि ती तर प्रत्येक घरात असतेच.

वनस्पती टाकीत घालण्याआधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून स्वच्छ धुवा. गोगलगायींची अंडी पानांच्या मागे जेलीच्या थेंबासारखी दिसतात, ती नखाने काढा. दिवा रोज सात तास, टायमर लावून. रात्री बारापर्यंत दिवाणखान्यात शोभेला जळणारा दिवा फक्त शेवाळाच्या उपयोगाचा.

टप्पा ४: बिनमाशांचे पाच आठवडे

सगळे इथेच चुकतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. उरलेलं खाद्य कुजून आणखी अमोनिया होतो. तो विषारी आहे, आणि पाणी जितकं गरम आणि अल्कधर्मी तितका अधिक. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच, रक्तातला प्राणवायू अडवणारं. दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं, वनस्पती खातात आणि उरलेलं आपण पाणी बदलून काढतो. नव्या टाकीत हे दोन्ही जीवाणू जवळजवळ नसतातच. पाणी काचेसारखं नितळ दिसतं, आणि त्यात मासा गुदमरतो.

म्हणून आधी जीवाणूंना जेवू घालायचं. त्याचे दोन मार्ग.

सोपा मार्ग: रोज चिमूटभर माशांचं खाद्य रिकाम्या टाकीत टाका, जणू चार मासे आहेतच. ते कुजेल, पाणी थोडं धुरकट होईल, थोडा वास येईल. घरचे विचारतील की कोणाला जेवू घालतोय. उत्तर देऊ नका, टाकत राहा.

नेमका मार्ग: नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. धातूला डाग देणाऱ्या कारागिराकडचा नको, प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्या. सहा ग्रॅम नवसागर २०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून बाटलीवर नाव लिहा आणि ती मुलांपासून दूर ठेवा. यातले १० मिलिलिटर ४५ लिटरच्या टाकीत घातले की अमोनिया सुमारे २ पीपीएम, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम होतो. दोन दिवसांनी मोजा. शून्याकडे आला असेल तर पुन्हा तेवढंच घाला.

मोजण्यासाठी थेंबांचा टेस्ट किट घ्या: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. महाग वाटतो, पण या सगळ्या खरेदीत एकच गोष्ट परवडणार असेल तर हाच. साधारण चित्र असं दिसतं: पहिल्या आठवड्यात नुसता अमोनिया, दुसऱ्या-तिसऱ्यात तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं, चौथ्या-पाचव्यात नायट्राइट एकदम कोसळतं. मुंबईच्या उष्णतेत हे थोडं लवकरही होतं.

आकडे आठवडाभर एकाच जागी अडकले तर पीएच पाहा. सहाच्या आसपास उतरला असेल तर पाव चमचा खाण्याचा सोडा पेलाभर पाण्यात विरघळवून घाला. टाकीत मासे नसताना हे बिनधास्त करता येतं. कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या स्पंजचा तुकडा ओल्या पिशवीत आणून आपल्या टाकीत ठेवा, निम्मा वेळ वाचतो. जुन्या टाकीचं पाणी आणून उपयोग नाही. जीवाणू पाण्यात नव्हे, पृष्ठभागांवर चिकटून असतात.

तपासा: नवसागराचा पूर्ण डोस घाला. चोवीस तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसतंय का? हो असेल तरच पुढे. मग निम्म्याहून जास्त पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी मासे आणा.

थांबा: ‘बॅक्टेरियाची बाटली टाका आणि आजच मासे सोडा’ या सल्ल्यावर विश्वास ठेवण्याआधी टेस्ट किट उघडा.

टप्पा ५: मासे निवडणं आणि घरी आणणं

क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याला जा, पण पहिल्या फेरीत पाकीट खिशातच ठेवा. ज्या टाकीत एकही मासा मेलेला किंवा पंख मिटून कोपऱ्यात बसलेला असेल, त्या टाकीतला दुसरा कोणताही मासा घेऊ नका. दुकानदाराला खाद्य टाकायला सांगा; खायला न येणारा मासा नको.

या टाकीसाठी माझी यादी छोटी आहे: सहा ते आठ नर गप्पी, किंवा आठ झेब्रा डॅनिओ आणि तळाला चार कोरीडोरस. फायटर ठेवायचा तर तो एकटा. गप्पी नर-मादी मिसळून घेतलेत तर मादी महिन्या-महिन्याला पिल्लं टाकते, आणि दिवाळीपर्यंत तुम्ही नातेवाइकांना मासे वाटत फिरता.

काय घेऊ नये ती यादी मोठी आहे. गोल्डफिश घाण फार करतो आणि त्याला थंड पाणी मानवतं. ‘टायगर शार्क’ नावाचा चंदेरी मासा बोटाएवढा मिळतो आणि मीटरभर वाढू शकतो. काच साफ करतो म्हणून गळ्यात मारलेला सकर हातभर होतो. हे मासे मोठे झाले की लोक पवईच्या तलावात सोडतात. ते करू नका. सकर तिथे जगतो आणि मूळच्या माशांची जागा खातो.

आता बेडूक-कासवांचं. अ‍ॅक्सोलोटलला, म्हणजे पाण्यातच राहणाऱ्या, सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचराला, सोळा ते अठरा अंशांचं पाणी लागतं. पाणी थंड करणाऱ्या चिलरशिवाय मुंबईत तो हालहाल होऊन मरतो. आफ्रिकन बटु बेडूक आपल्या तापमानाला राहू शकतो, पण त्याच नावाखाली त्याचा मोठा भाऊ, नखांचा बेडूक, विकला जातो आणि तो पुढे तुमचे मासे गिळतो. फरक पुढच्या पायात आहे: बटु बेडकाच्या पुढच्या बोटांमध्येही पडदा असतो, नखांच्या बेडकाची पुढची बोटं सुटी असतात. बटु बेडूक सावकाश खातो, म्हणून त्याला चपळ माशांबरोबर ठेवू नका. श्वासाला वर येता यावं म्हणून पाण्यावर मोकळी हवा ठेवा आणि झाकण घट्ट बसवा. देशी कासवं पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ‘लकी कासव’ म्हणून कोणी देऊ केलं तरी हात लावू नका.

मासे दुपारी आणा. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये पिशवी डोक्यावर धरून उभं राहण्याचा अनुभव माशाला नको आणि तुम्हालाही. पिशवी कापडी थैलीत, अंधारात ठेवा.

घरी आल्यावर क्रम असा:

१. टाकीचा दिवा बंद करा.
२. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा.
३. पिशवी उघडून कडा दुमडा. दर पाच मिनिटांनी टाकीतलं अर्धी वाटी पाणी पिशवीत घाला, साधारण अर्धा तास.
४. मासे जाळीने उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत ओता. त्यात दुकानातले रोग असतात, आणि ते निळं-पिवळं असेल तर औषधही.
५. त्या दिवशी खाद्य नाही, दिवा नाही.

पहिल्या खेपेला फक्त चार मासे. दोन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट शून्य राहिलं तर उरलेले.

थांबा: मासा मलूल दिसला की ‘थोडा मेथिलिन ब्लू डाल दो’ हे उत्तर प्रत्येक काउंटरवर तयार असतं. मेथिलिन ब्लू फिल्टरमधले जीवाणूही मारतो, म्हणजे पाच आठवडे पाण्यात. आधी पाणी मोजा. दहांत आठ वेळा दोष तिथेच सापडतो. औषध द्यायचंच तर मासा वेगळ्या बादलीत घेऊन द्या.

टप्पा ६: खाद्य, आणि जिवंत खाद्य

कोरडं खाद्य दिवसातून एकदा, मिनिटभरात संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं असं धरून चाला.

जिवंत खाद्याने रंग खुलतो आणि पिल्लं जगतात. दुकानात मिळणारे ट्युबिफेक्स किडे सांडपाण्यातून येतात. द्यायचेच तर तासभर बारीक धारेखाली धुवा. मी देत नाही. जुनी पुस्तकं गॅलरीत पाणी साठवून डासांच्या अळ्या वाढवायला सांगतात. मुंबईत ते डोक्यातून काढून टाका. महापालिकेचे कर्मचारी घरोघर तपासणी करतात, अळ्या सापडल्या तर कारवाई होते, आणि डेंग्यू तुमच्याच मजल्यावर येतो.

घरात करायला सर्वात चांगलं म्हणजे आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा चिमुकला जीव; त्याची कोरडी अंडी विकत मिळतात आणि पिल्लं माशांना घालायची. मुंबईचं तापमान त्याला जणू मापात शिवलेलं आहे.

१. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, बूड कापा, झाकण घट्ट लावून ती उलटी टांगा.
२. एक लिटर क्लोरीन गेलेल्या पाण्यात २५ ग्रॅम मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवा.
३. अर्धा छोटा चमचा अंडी घाला. एअर पंपाची नळी थेट तळापर्यंत न्या आणि हवा जोरात सोडा. अंडी तळाला बसली तर फुटत नाहीत.
४. वर दिवा ठेवा. अठरा ते चोवीस तासांत पाणी नारिंगी होईल.
५. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. कवचं वर तरंगतात, पिल्लं खाली जमतात. झाकणाजवळ टॉर्च धरला तर उजेडाकडे अजून गोळा होतात.
६. बारीक नळीने तळातलं नारिंगी पाणी जुन्या सुती रुमालावर ओढा, गोड्या पाण्याने धुवा आणि ड्रॉपरने टाकीत सोडा.

नेहमीची चूक इथे दोनदा होते. एक, कवचंही टाकीत जातात आणि बारीक पिल्लांच्या पोटात अडकतात. वरचा थर येऊ लागला की नळी बंद करा. दोन, लोक एकदा काढलेलं आर्टेमिया दोन दिवस पुरवतात. पिल्लाच्या अंगातली चरबी काही तासांत संपते, मग ते नुसतं कवच उरतं. थोडं करा, रोज करा. अंड्यांचा डबा घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा. आपल्या दमट हवेत उघडा राहिलेला डबा महिन्याभरात वाया जातो.

टप्पा ७: आठवड्याचं काम, आणि मुंबईचे खास प्रसंग

दर आठवड्याला एक बादली, म्हणजे दहा-बारा लिटर पाणी सायफनने, म्हणजे टाकीतून खालच्या बादलीत सोडलेल्या नळीने, खड्यांवरून ओढून काढा आणि तेवढंच क्लोरीन गेलेलं पाणी हळू घाला. स्पंज महिन्यातून एकदा, तोही टाकीतून काढलेल्या त्याच बादलीत दोनदा पिळून. नळाखाली धुतलात तर चौथा टप्पा पुन्हा पहिल्यापासून. काढलेलं पाणी तुळशीला आणि कुंड्यांना घाला. पाणीकपातीच्या दिवसांसाठी एक बादली कायम भरलेली असू द्या, पण कापडाने घट्ट झाकून.

मे महिन्यात पाणी ३१-३२ अंशांवर जातं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. झाकण काढून मच्छरदाणीची जाळी लावा, छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा, खाद्य निम्मं करा. बर्फ टाकू नका. तापमान झपाट्याने खालीवर होणं उकाड्यापेक्षा वाईट.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी सगळ्या मुंबईची वीज गेली, तेव्हा मी वाटीने टाकीतलं पाणी उचलून वरून धार धरत बसलो होतो. दर पंधरा मिनिटांनी दहा-बारा वाट्या, एवढ्यावर सगळे मासे राहिले. आता सेलवर चालणारा एअर पंप ड्रॉवरमध्ये असतो. वीज नसताना खाद्य अजिबात देऊ नका.

आणि गणपतीला गावी जाताना. मोठे, निरोगी मासे आठवडाभर खाद्याशिवाय राहतात. निघण्याच्या तीन दिवस आधी पाणी बदला, दिव्याचा टायमर सहा तासांवर आणा, पंपाची नळी तपासा. आठ दिवसांपेक्षा जास्त जाणार असाल तरच शेजारच्या काकूंना किल्ली द्या, आणि खाद्याचा डबा देऊ नका. एका दिवसाची एक अशा कागदाच्या पुड्या बांधा, त्यावर तारीख लिहा, डबा कपाटात कुलूपबंद करा. डबा हाताशी राहिला तर ‘बिचारे भुकेले दिसले’ म्हणून सगळा एका दुपारी टाकीत जातो.